वरचं कार्ड तापतंय

जोगेश्वरीला गुंफेच्या रस्त्यावर रतन खिल्लारेचा कॉम्प्युटर दुरुस्तीचा गाळा आहे. तिथे जाणाऱ्याने बिघडलेल्या मशीनसोबत थोडी सहनशक्तीही घेऊन जावी. रतन 'या' म्हणत नाही, 'बसा' म्हणत नाही, आधी मार्कर पुढे करतो. मशीन गिऱ्हाइकासमोर उघडायचं, आतल्या प्रत्येक पार्टवर गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने सही करायची, मगच रतन त्याला हात लावणार. भिंतीवरच्या पांढऱ्या बोर्डावर तसं लिहिलेलंच आहे: 'सहीशिवाय पार्ट घेतला जाणार नाही. वाद घालू नये.' कुणी हसत विचारलंच, "एवढा कसला संशय, काका?" तर तो म्हणतो, "संशय तुमचाच असतो. मी फक्त त्याची सोय करतो."

या खवटपणाला कारण आहे. सव्वीस वर्षांपूर्वी, परभणीहून आलेल्या आईबापांचा हा मुलगा गोरेगावच्या एका ऑफिसात मशीनं सांभाळायला लागला. तिसऱ्या महिन्यात दोन रॅम गायब झाल्या. ऑफिसात अकरा माणसं होती, पण आडनाव ऐकल्यापासून साहेबांना जो एक माणूस खटकत होता, त्याचीच बॅग उपडी केली गेली. बॅगेतून जेवणाचा डबा निघाला. तरी त्याला काढून टाकलंच. आठ दिवसांनी रॅम साहेबांच्याच खणात सापडल्या, हे त्याला वॉचमनकडून कळलं. 'तू चोर नव्हतास' एवढं सांगायला ऑफिसातून कुणी आलं नाही. तेव्हापासून रतनचं जगाशी वाकडं आहे, आणि जगाचंही त्यावाचून काही अडलेलं नाही.

गिऱ्हाइकं मात्र येत राहिली, कारण हातात कसब होतं. डोळे तेवढे वर्षभर दगा देत होते. मोतीबिंदू. बायको शकु रोज मागे लागायची, "अहो, ऑपरेशन करून घ्या," आणि तो रोज तिच्यावर खेकसायचा. ज्याला नीट दिसत नाही त्याच्याकडे मशीन कोण देणार, या भीतीने त्याला ग्रासलं होतं. पण घाबरलोय असं म्हणेल तर तो रतन कसला.

अशात एका सकाळी वर्सोव्याच्या कोळीवाड्यातला परेश मशीन घेऊन आला, मागोमाग त्याची आई सगुणा. ती अंधेरीच्या बाजारात मासे विकते. परेश हळदी-लग्नांचे व्हिडिओ बनवतो आणि उरलेल्या वेळात गेम खेळतो, म्हणून त्याच्या मशीनमध्ये दोन ग्राफिक्स कार्डं, एकावर एक. चार महिन्यांपूर्वी रतननेच ती उघडून साफ केली होती, वरच्या कार्डात नवी रबरी पॅडंही घातली होती. तेव्हापासून वरचं कार्ड तापत होतं, आता तर इतकं तापायचं की ऐन कामात मशीन बंद पडायचं.

"काका, सरळ बोलतो," परेश म्हणाला. "वरचं कार्ड तुम्ही बदललंय."

रतनने कार्ड काढून त्याच्या नाकासमोर धरलं. "सही कोणाची आहे?"

"माझी. पण ती वरच्या पत्र्यावर आहे ना. पत्रा माझा, आतला माल कोणाचा?"

सव्वीस वर्षं ज्या सहीच्या जिवावर रतन ताठ मानेने बसला होता, ती या कालच्या पोराने एका वाक्यात निकालात काढली. रतनच्या कानशिलात रक्त चढलं. त्याला मशीन रस्त्यावर फेकावंसं वाटलं.

"आमी गिराइकाला मासलीचा कल्ला उघडून दाकवतो," सगुणा कमरेवर हात ठेवून म्हणाली. "वरची चकाकी कोनपन दाकवील. तू पन उघड. नायतर आख्ख्या कोलीवाड्यात सांगते, रतन माल काढतो म्हनून."

रतनची निम्मी गिऱ्हाइकं कोळीवाड्यातली होती. "उघडतो," तो म्हणाला. "पण आधी रोग कुठे आहे ते बघू. वरचं कार्ड तसंही जास्त तापतं, खालच्याची गरम हवा त्याच्यावर येते. दोघांच्या जागा बदलतो. हे खाली जाऊन थंड झालं, तर दोष हवेचा. तरीही तापलं, तर दोष कार्डाचा."

त्याने अदलाबदल केली, बाजूचं झाकण घट्ट बसवलं आणि परेशच्या कामातल्या एका हळदीचा व्हिडिओ मशीनला बनवायला लावला. दोष हवेचा निघावा असं त्याला मनापासून वाटत होतं. दहा मिनिटं झाली. वर गेलेलं कार्ड अठ्ठ्याहत्तर अंशांवर थांबलं. खाली गेलेलं शंभराच्या पुढे गेलं आणि मशीन बंद पडलं.

"बघा," परेश म्हणाला.

रतनने कार्डाचे स्क्रू काढायला घेतले. स्क्रूड्रायव्हर दोनदा घसरला. वरचा धातूचा भाग उचलून त्याने आतल्या रबरी पॅडवरून बोट फिरवलं. पॅड बोटाला चिकटायला हवं, ते गुळगुळीत लागलं. त्याने नख घातलं. काचेसारखा पारदर्शक पापुद्रा सुटून हातात आला.

चूक आपलीच, हे त्याला कळलं. बाकीचे पापुद्रे गुपचूप ओढून काढता आले असते, समोरच्या दोघांना त्यातलं काही कळत नव्हतं. कार्ड थंडही झालं असतं. पण मग पोराने गावभर सांगितलं असतं की पकडल्यावर म्हाताऱ्याने माल परत ठेवला.

"हे बघ," तो शिवी दिल्यासारखं बोलला. "चिपची उष्णता हे पॅड बाहेर काढतं. नव्या पॅडला दोन्ही बाजूंनी प्लास्टिक असतं. एकीकडे निळं, एकीकडे असं. निळं मी काढलं, हे राहिलं. मला दिसलं नाही. मोतीबिंदू आहे."

"म्हणजे वाट तुम्हीच लावली."

"हो, मीच. कार्ड तुझंच आहे, चूक माझी आहे."

नवी पॅडं त्याने परेशच्या हातात दिली आणि दोन्ही बाजूंची प्लास्टिकं त्यालाच काढायला लावली. कार्ड पुन्हा वरच्या जागी बसवलं. हळदीचा व्हिडिओ शेवटपर्यंत बनला. कार्ड ब्याऐंशीच्या वर गेलं नाही. परेशने मशीन उचललं, आभार वगैरे मानायच्या भानगडीत पडला नाही.

सगुणा मात्र दारात थांबली. तिने रतनला वरपासून खालपर्यंत निरखलं.

"चोर नायस तू," ती म्हणाली. "आंधला हायस."

सव्वीस वर्षं रतन ज्यासाठी कान टवकारून बसला होता, ते शब्द अखेर आले होते, आणि तेही असे. त्याने बाहेर पडणाऱ्या परेशला थांबवून मार्कर त्याच्यापुढे धरला.

"आई आत्ता काय म्हणाली ते बोर्डावर लिही."

"काय लिहू? चोर नाही म्हणून?"

"दोन्ही लिही. खाली सही कर."

परेशने लिहिलं. पुढच्या महिन्यात रतनने ऑपरेशन करून घेतलं, आता त्याला बारीकातला बारीक स्क्रू दिसतो. शकु एकदा बोर्डावरचं ते वाक्य पुसायला गेली, 'आता दिसतंय ना' म्हणून. तो तिच्या अंगावर धावून गेला.