उचलायचं पान

"उचला रे तिला," नाना म्हणाले, आणि दोन गड्यांनी माझ्या बगलेत हात घालून मला उचललं.

विचारलं नाही. मी जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून पायाला आधार देणाऱ्या लोखंडी कॅलिपरचा खटका लावत होते. खटका उघडाच राहिला, पाय लोंबकळला, ड्रेस गुडघ्याच्या वर गेला. हात गड्यांनी धरलेले. ओढून खाली घेणार कशानं? वर हॉलमधली माणसं बघत होती. गड्यांनी मला खुर्चीत टाकलं तसे नाना म्हणाले, "बघा, झाली का न्हाई सोय? बेटावर बी असंच करायचं."

अपंगांच्या सहलीची बैठक, आणि ती पहिल्या मजल्यावर. जुन्नरात हे कुणाला खटकलं नाही.

नाना म्हणजे मोठे बागायतदार, एका मंडळाचे अध्यक्ष. सहलीला बस तेच देणार होते. माणूस वाईट नाही, असं लोक मला आजही सांगतात. नसेल. पण वाईट माणसाला निदान तोंडावर शिवी तरी देता येते.

खुर्चीत बसून ड्रेस सारखा करताना मला आठवली ती चौथीतली सहल. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. शाळेची सहल लेण्याद्रीला गेली होती. पायथ्याशी गुरुजी मुलींना म्हणाले, "हिला धरा गं दोघीतिघी." मुली एकमेकींकडे बघत राहिल्या. एक हळूच म्हणाली, "घरी गेल्याव आंगूळ करावी लागंल." आमचं घर बौद्ध. गुरुजींनी ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं. मला म्हणाले, "तू हितंच बस." मी बसले. वरची लेणी बुद्धाची, हे मला पुढं बापानं सांगितलं. म्हणजे आपल्याच घराच्या उंबऱ्यावर दिवसभर बसून आले होते मी.

तेव्हा हात लावायला कुणी तयार नव्हतं. आता न विचारता लावतात. माझ्या अंगाचं काय करायचं ते दोन्ही वेळा दुसऱ्यांनीच ठरवलं. हे मला त्या खुर्चीत कळलं आणि मी ड्रेस आणखी खाली ओढला. रागानं.

बेटाची कल्पना माझी. अपंगांच्या कोट्यातून मला एसटीडी बूथ मिळाला होता. फोन हाताशी, गिऱ्हाईक नसलं की मी मुंबईला फोन लावायची. घारापुरीला बोट कुठून सुटते, धक्क्यापासून पायऱ्या किती, संडासाच्या दारातून चाकाची खुर्ची जाते का. जुन्नर-आंबेगावातले आम्ही नऊ जण. आमच्या तालुक्यातल्या मढ गावच्या सुमनची आई तर पहिल्यांदा उखडलीच. "बेटात कशाला जायाचं? नाग अस्त्यात तितं." तिला बेट म्हणजे बांबूचं बेट. समुद्रातलं बेट समजावून सांगितल्यावर ती आणखीच घाबरली.

बोटीचा नाखवा फोनवर म्हणाला होता, "ताई, पुनवेला या. दुपारी बाराला भरती अस्ते. बोट धक्क्याला बरोबरीनं लागते. ओहोटीला खड्ड्यात उभी राहते, धडधाकट माणूस पण घसरतो." मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुनवेला गोल केला.

आणि वहीत एक पान केलं. उचलायचं पान. प्रत्येकाला विचारून लिहिलं. बाळूकाकांचा एक पाय ट्रकच्या अपघातात गेलेला. त्यांनी सांगितलं, "मला उचलायचं न्हाई. निस्ती कुबडी धरा." दगडूला दिसत नाही. तो म्हणाला, "माझा हात वढायचा न्हाई. तुमचा दंड मी धरीन." सुमन म्हणाली, "आईनंच उचलायचं. बाप्या नको." माझ्या नावापुढं मात्र कोरं होतं. तिशीच्या जवळ आले, पण मला कसं उचलावं हे मला कुणी विचारलंच नव्हतं. त्यामुळं उत्तरही तयार नव्हतं.

बैठकीत नानांनी तारीख सांगितली. त्यांचा वाढदिवस. त्या दिवशी अष्टमी.

मी म्हणाले, "नाना, अष्टमीला दुपारी ओहोटी. बोट धक्क्याच्या लई खाली ऱ्हाती. आमी उतरायचं कसं?"

"मग बोटीतच बसवू तुमाला. आमी वर जाऊन येतो. समुद्र काय, बोटीतनं बी दिसतो."

"आमाला बेटावर जायचंय. पुनवेला ठेवा."

नाना हसले. "तुमच्या लोकांचं समदं पुनवेलाच. समुद्राला बी घेतला का तुमच्यात?"

बौद्धांचे सण पुनवेला, त्यावरचा टोमणा. हॉल हसला. आमच्या नऊ जणांतलेही दोघं हसले, सवयीनं. मी वही उघडली आणि ते पान मोठ्यानं वाचायला लागले. बाळूकाका, दगडू, सुमन. नानांनी मध्येच हात वर केला.

"किती नखरे! पोत्याला कुणी इचारतं का, तुला कसं उचलू म्हणून?"

मी कॅलिपरचा खटका लावला. आवाज सगळ्या हॉलला ऐकू गेला असेल. उभी राहिले.

"पोत्याला इचारत न्हाईत नाना. पोतं बोलत न्हाई. मी बोलतीय. मला आधी इचारायचं, मग हात लावायचा. तुमची बस आमाला नको."

"आमाला म्हंजी कुणाला?" नानांनी विचारलं, आणि बाकीच्यांकडं बघितलं.

मीही बघितलं. सुमननं मान खाली घातली. दगडू जागचा हलला नाही. बाळूकाकांनी कुबडी ओढली आणि म्हणाले, "चल पोरी." बस, एवढेच. नऊ जणांतले दोन.

जिन्यावर गडी पुन्हा पुढं आले. त्यांचाही दोष नव्हता, सांगितलेलं काम. मी म्हणाले, "हात लावू नका." बसून उतरले, एकेक पायरी, बाळूकाका मागं. खाली पोचायला पुष्कळ वेळ लागला. कपडे मळले. मळू देत.

नानांची बस वाढदिवसाला गेलीच नाही. मागाहून आणखी काही जण गळाले आणि बॅनरवर मिरवायला माणसं कमी पडली म्हणे. आठ दिवसांनी सुमन आईच्या आधारानं बूथवर आली ती भांडायलाच. "तुझ्या मानापायी माझं बेट गेलं. आई आता बेटाला न्हाईच म्हंती. तुला काय, तुझा बूथ हाय, तू कमावती." मी तिला समजावलं नाही. तिचं म्हणणं खरं होतं. बोटीतून का होईना, तिनं समुद्र बघितला असता. मी नाही म्हटलं त्याचा भुर्दंड तिला बसला, आणि तो मी भरून देऊ शकत नाही. ती रडत गेली. मला रात्री जेवण गेलं नाही.

पण मी चुकले असं मला एकदाही वाटलं नाही. बोटीत बसून राहायचं आणि वर जाऊन आलेल्यांनी बेट कसं होतं ते सांगायचं, हे आम्ही जन्मभर केलंय.

सकाळी मी नाखव्याला फोन लावला. पुढची पुनव विचारली. एसटीनं जाणार. बाळूकाका आले तर दोघं. नाही आले तर मी एकटी. भरतीला बोट धक्क्याला लागेल आणि मी उतरेन, माझ्या वेळानं, माझ्या पद्धतीनं. मदत लागली तर मागेन. कसं धरायचं तेही सांगेन. आणि न विचारता कुणी हात घातला, तर तो कितीही मोठ्या माणसाचा असो, मी चावेन.