आईचे धवले आणि माझे दोन संगणक

आमच्या आईचे सगळे धवले मी दोन सेकंदांत, स्वतःच्या हाताने पुसून टाकले.

आई म्हणजे नागावातल्या आमच्या आळीची धवलारीण. लग्नातल्या प्रत्येक विधीला तिचा धवला लागायचा. तिचं गाणं संपेपर्यंत भटजीसुद्धा गप्प बसायचे. दोन वर्षांपूर्वी घशाच्या दुखण्यात तिचा आवाज गेला. आता नुसती कुजबुज उरली आहे. त्याआधी मी तिचे एकेचाळीस धवले फोनवर रेकॉर्ड करून संगणकात ठेवले होते, आणि आळीभर मिरवलो होतो.

खाऱ्या हवेने संगणक धापा टाकायला लागला म्हणून मी दुसरा आणला. दोन्ही विंडोजऐवजी लिनक्सवर चालणारे. (लिनक्सवाला आळीत मी एकटाच. हेही मिरवायचो!) भाचीची हळद चार दिवसांवर होती आणि मांडवात आईचाच आवाज लावायचं ठरलं होतं. दोन्हीकडे गाणी सारखी ठेवायला एका ओळीची आज्ञा पुरते. आधी जिथून घ्यायचं त्याचं नाव, मग जिथे न्यायचं त्याचं. पहिल्यात जे नसेल ते दुसऱ्यातून पुसून टाक, हेही मीच त्या आज्ञेत घातलं होतं.

पण आईने नव्या संगणकाला हळदकुंकू लावलं होतं, नारळ फोडला होता. आमच्याकडे नव्या पाहुण्याचा मान पहिला. मी त्याचं नाव पहिलं लिहिलं!

काम झटक्यात झालं.

"बघ सुमन," मी बायकोला म्हणालो, "याला म्हणतात वेग!"

"अहो, पन यात काय दिसत न्हाय."

"जुन्यात बघ."

"त्यातबी न्हाय."

नव्यात अजून काहीच नव्हतं, म्हणून जुन्यातलंही सगळं पुसलं गेलं होतं. दोन्ही संगणक आता तंतोतंत सारखे होते. (फोनमधली गाणी जागा अडवतात म्हणून मी आधीच उडवली होती. काय ही हुशारी!)

आईचा आवाज आता जगात कुठेच नव्हता. मी तिच्यापुढे जाऊन बसलो, सगळं सांगितलं आणि चक्क रडलो.

आई वाल सोलत होती. हात न थांबवता कुजबुजली, "रडतोस कशाला, येड्या? सुमे, हलदीचा धवला म्हण."

सुमन तिच्याशेजारी टेकली आणि गायला लागली. तोच चढ, आईची मध्येच थबकायची तीच लकब. तो संपला की दुसरा, मग तिसरा.

"कधी शिकलीस?"

"लगीन होऊन आले तवापासून. रोज दुपारी, वाल सोलताना. तुमी कधी इचारलंत?"

हळदीला सुमन गायली. सगळे रडले. आईचा स्वतःचा आवाज मात्र मी घालवला तो घालवलाच, आणि ते मला अजून लागतं.

आता दोघी मिळून आळीतल्या चार पोरींना धवले शिकवतात. परवा मी कौतुकाने दारात डोकावलो, तर आई सुमनच्या कानाशी कुजबुजली, पण मला ऐकू जाईल अशी.

"सुमे, याला आधी भायेर काढ. न्हायतर पोरींच्या डोक्यातलंबी पुसून टाकंल!"