बाबा डिकीत झोपून ऐकत होते

नागपूरला आमच्या एका खोलीत आम्ही पाच माणसं आणि ट्रकचा एक गिअरबॉक्स राहायचो. गॅरेजचं छप्पर गळायचं म्हणून बाबांनी तो घरी आणला होता. आई त्यावर परात ठेवायची, आणि मी दहावीचा अभ्यास त्याला टेकून केला. कपड्यांना ऑइलचा वास यायचा, त्यामुळे शाळेत माझ्या बाकावर कोणी बसत नसे. त्याच खोलीतून मी इंजिनिअर झाले, आमच्या खानदानात कॉलेजचं तोंड पाहिलेली पहिली. हे मी कुणी न विचारताच सांगते. बाबा तर माझ्याही आधी सांगायचे. सात आठवड्यांपूर्वी ते गेले, इथे ॲरिझोनात, चँडलरच्या आमच्या घरी, सकाळचा चहा संपवून. बुद्धवंदनेला जमलेल्यांनी विचारलं, दोन शब्द बोलतेस का? मला फक्त डिफरन्शियल आठवत होतं... तिथे ते बोलता येईना, म्हणून लिहितेय.

आई गेल्यावर मी त्यांना इकडे आणलं. जन्मभर ट्रकखाली पडलेला माणूस गालिच्यावर कसा रमणार? तीन आठवड्यांत त्यांनी घरातला एकूण एक स्क्रू आवळला. कढईचे कान, दारांच्या मुठी आणि न विचारता शेजाऱ्यांची पत्रपेटीसुद्धा. आवळायचं काही उरलं नाही तेव्हा म्हणाले, "पुढच्या महिन्याचं तिकीट काढ माय. इथं माह्या हाताले काम नाही." नागपुरात आता त्यांची वाट पाहणारं कोणी नव्हतं.

माझी एसयूव्ही त्या दिवसांत पार्किंगमध्ये वळताना कण्हायची. सर्व्हिसवाल्यांनी आधी टायर बदलले, मग चाकाचं बेअरिंग. कण्हणं तसंच. मागच्या सीटवरून बाबा म्हणाले, "थे बेअरिंग नाही. मांगचं डिफरन्शियल हाय." म्हणजे मागच्या दोन चाकांमधला गिअरचा डबा, वळताना एका चाकाला कमी आणि दुसऱ्याला जास्त फिरू देणारा.

"बाबा, त्यांच्याकडे कॉम्प्युटर आहे."

"कॉम्प्युटरले कान हायेत का?"

रविवारी त्यांनी मला लायब्ररीच्या रिकाम्या पार्किंगमध्ये नेलं, मागच्या सीट पाडल्या आणि स्वतः डिकीत आडवे झाले, कान डिकीच्या तळाला. "स्टिअरिंग पुरं वळव अन् गाडी हळू फिरव." मी गोल गोल फिरतेय, डावीकडून आठ, उजवीकडून आठ. तेवढ्यात सिक्युरिटी गार्ड आडवा आला. "मॅम, तुमच्या डिकीत एक माणूस आहे."

"माझे वडील आहेत. ऐकतायत."

बाबांनी आतूनच हात वर केला, "जयभीम!" गार्डनेही गोंधळून हात वर केला आणि निघून गेला. उठून बसत बाबांनी निकाल दिला, "सरळ गाडी चूप, जोरात चूप. फक्त हळू वळताना रडते. बेअरिंग असतं तर जोरात पळताना जास्त ओरडलं असतं."

घरी येऊन म्हणाले, "आता तू वाच." तिसरी शिकलेल्या बापाला मी गाडीचं मॅन्युअल वाचून दाखवत होते आणि ते डोळे मिटून ऐकत होते. आमच्या गाडीत त्या डब्यात क्लचच्या चकत्या निघाल्या. तेल जुनं झालं की वळणावर त्या एकमेकींना धरतात. बाबांना ट्रकचं दाट तेल घालायचं होतं, मी पुस्तकातल्याच तेलावर अडून बसले. त्यांनी चक्क मानलं. मग काय, माझ्या डिग्रीची हवा डोक्यात गेली. शनिवारी ते चहा आणायला आत गेले, तोवर मी गाडीखाली घुसून खालचा बोल्ट सोडला. काळं तेल भसाभस टबात. मग वरचा, तेल भरायचा बोल्ट. तो हलेना.

बाबा कप घेऊन आले. "आधी कोनता खोलला?"

मी हातातला खालचा बोल्ट दाखवला.

"वरचा निघते का थे आधी पायतेत व! आता रिकाम्या डब्यानं ऑफिसले जाशील? चार वर्षं कॉलेजात काय शिकवलं तुले?"

"हे नव्हतं शिकवलं."

ते इतके हसले की चहा सांडला. भीमजयंतीच्या बॅनरचा लोखंडी पाइप आमच्याच गॅरेजमध्ये पडून होता. बाबांनी आधी त्याला हात जोडले, मग पान्याच्या दांड्यावर चढवला. दोघं लोंबकळलो. कडाड आवाज झाला, बोल्ट सुटला आणि मी बाबांच्या अंगावर. भोकातून परत ओघळेपर्यंत नवं तेल भरलं आणि लायब्ररीला गेलो. गाडी चूप. डिकीतून आवाज आला, "अजून एकदा फिरव..." त्यांना खात्री करायची नव्हती, मजा येत होती.

ही गोष्ट मीच इथल्या आमच्या जयंती मंडळात सांगितली, माझ्या फजितीसकट. पुढच्या शनिवारी दोन गाड्या दारात उभ्या. "काका, आमचीपण जरा ऐका ना यार!" असं म्हणणाऱ्या पोरांना काका डिकीत झोपायला लावायचे, स्वतः गाडी चालवायचे नाहीत आणि चुकलं की नागपुरी शिव्या द्यायचे. तिकिटाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

ज्या पुठ्ठ्यावर पडून ते काम करायचे, तो गॅरेजच्या भिंतीला टेकलेला आहे. त्यावर त्यांच्या दोन्ही खांद्यांचे तेलकट डाग आहेत. माझी लेक म्हणते, "Mom, can we at least frame it?"

बाबा आमच्याकडे साडेचार वर्षं राहिले. तेवढ्यात चँडलरमधले अकरा इंजिनिअर त्यांच्याकडून डिफरन्शियलचं तेल बदलायला शिकले. त्यांतल्या दोघांकडे डॉक्टरेट आहे. पहिली मी शिकले.