पुसायची राहिलेली पहिली आवृत्ती

विद्यापीठाच्या संगणक विभागात जुन्या प्रोग्रॅमांच्या चुंबकीय टेपा सांभाळणाऱ्या बाईंना सगळे टेपबाई म्हणत. तीस वर्षं त्या तळघरातच बसत. कुठली टेप कुठल्या फळीवर, हे डोळे मिटून सांगत. स्वभाव मात्र खाष्ट. शिपाई म्हणायचा, "बाईंपुढे कुलूपसुद्धा कुरकुरत नाही."

नव्या विभागप्रमुखांना तळघराची जागा हवी होती. त्यांनी भंगाराचा कागद पुढे सरकवला. "इथे सही करा. जुनं सगळं उद्या जाईल."

"आपल्याच विभागात संशोधनासाठी लिहिलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पहिल्या दोन आवृत्त्या आहेत इथे. दुसरी प्रत कुठेही नाही. मी सही करणार नाही."

"कोण विचारतंय त्यांना आता?"

"मी विचारतेय. फेकायच्याच असतील, तर तुमच्या नावाने लेखी हुकूम द्या."

लेखी म्हटल्यावर साहेबांनी शेपूट घातली. "बरं, महिनाभरात काय ते करा."

टेपा नव्या संगणकावर उतरवून घ्यायला बाईंनी कंबर कसली. दुसरी आवृत्ती नीट वाचली गेली. पहिलीचा डबा उघडला, तर आत भलतीच टेप! नोंदवहीत शेवटचं नाव होतं ती सिस्टिम लिहिणाऱ्या म्हाताऱ्या सरांचं. त्यांनी निवृत्त होताना परत केलेला डबा आपण उघडून पाहिला नाही, याची बाईंना स्वतःचीच चीड आली. त्या तडक सरांच्या घरी गेल्या.

"आहे माझ्याकडे," सर म्हणाले, "पण देणार नाही. चुकांनी बरबटलीय ती. पुसायची म्हणून आणली, अन् राहून गेलं. माझी अब्रू कशाला वेशीवर टांगताय?"

"चुका तुमच्या, सर. टेप विभागाची. आणा इकडे."

सरांच्या बायकोनेच आतून टेप आणून बाईंच्या हातात ठेवली. "न्या एकदाची. माझ्या कपाटात ठाण मांडून बसलीय."

टेप इतकी चिकट झाली होती की उलगडताना माहिती धरणारा लेपच निघून आला असता. बाईंनी रसायनशाळेतल्या सुकवणीच्या भट्टीत ती आठ तास मंद उबेवर ठेवली, थंड केली आणि यंत्रावर चढवली. वाचायची संधी एकदाच मिळणार होती. सरांना घरी राहवेना. तेही येऊन बसले. सिस्टिमच्या छपाई सांभाळणाऱ्या भागातला एक तुकडा गेला, बाकी सगळं उतरलं.

जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर सिस्टिम सुरू झाली आणि तिने तारीख विचारली. सरांनी एकोणतीस फेब्रुवारी टाकली. तिने साफ नाकारली.

"बघा! लीप वर्षच विसरलो होतो. दोन मिनिटांत दुरुस्त करतो."

बाईंनी कीबोर्ड ओढून घेतला. "एका अक्षराला हात लावायचा नाही. सांगायचंय ते वेगळ्या कागदावर लिहा."

"माझंच लिखाण, अन् मलाच बंदी?"

"तुम्हालाच आधी!"

सर धुसफुसले. मग कागद मागितला आणि चार पानं लिहून काढली. बाईंनी तीन वेगवेगळ्या गावच्या ग्रंथालयांना दोन्ही आवृत्त्यांच्या प्रती पाठवल्या, सोबत ती पानंही. पाकिटांवर पाठवणारा म्हणून विभागाचं नाव ठसठशीत लिहिलं. परवानगी कोणाचीच घेतली नाही.