शेवटच्या शेताचं पाणी

दत्तूआण्णा गेल्याचं मला गडहिंग्लजच्या एसटी स्टँडवर कळलं. आमच्या पाणी संस्थेचे ते पाटकरी. कालव्याचं पाणी पाळीनं शेतांना सोडणारे. शोकसभेत त्यांना ‘देवमाणूस’ म्हणाले ते सगळे तेच, ज्यांनी सहा वर्षांपूर्वी त्यांना चोर ठरवलं होतं. संस्थेचा सचिव म्हणून त्यांच्यात मीही होतो...

पाणी आधी पाटाच्या शेवटच्या शेताला, मग वर सरकत कालव्याजवळच्यांना, हा नियम आण्णांनीच हट्टानं करून घेतलेला. वरचे कुरकुरले की म्हणायचे, “बुंदीची बादली तुमच्यापाशीच रिकामी झाली, तर पंगतीतल्या शेवटच्यानं काय पत्रावळ चाटायची?”

माझा ऊस अगदी कालव्याच्या तोंडाशी. सहा वर्षांपूर्वीच्या वैशाखात तो करपायला लागला. आण्णा खाली शेवटच्या रानात होते. भर दुपारी मी माझ्या शेताकडं पाणी सोडणारं दार उचललं. तासाभराचं म्हणता म्हणता दिवस कलला. खाली पाट कोरडा पडला तसे आण्णा चालत वर आले. दार पाडलं, माझ्याकडं बघितलं, आणि परत खाली गेले.

खालच्यांची मिरची वाळली. बैठकीत ओरड झाली, “आण्णानं पाणी विकलं!” मी मान खाली घालून इतिवृत्त लिहीत होतो. आण्णा एवढंच म्हणाले, “लिवा भाऊसाहेब. तुमास्नी ठावं हाय की.” मी लिहिलं, पाटकऱ्याचा हलगर्जीपणा. त्यांना काढून टाकलं. मग काय, वरच्यांना रान मोकळं! आज खालची शेतं पडीक आहेत, आणि हेच लोक सभेत समान पाणीवाटपावर भाषणं ठोकतात. लाज कशी वाटत नाही? मला तरी कुठं वाटली. शोकसभेत दोन शब्द मीही बोललोच.

गेल्या आठवड्यात आण्णांच्या बायकोला, अक्कांना, सगळं सांगितलं.

“ठावं हाय,” त्या म्हणाल्या. “त्याच दिशी सांगितलंतं त्यांनी. म्हणाले, भाऊसाहेब सांगतील की आपणहून. सहा वर्सं वाट बघितली. आता मला सांगून काय? गावाला सांगा.”

म्हणून हे लिहितोय. इतिवृत्तातली ती ओळ खोडून तिथं माझं नाव घाला, असा अर्ज संस्थेत दिला. अध्यक्ष हसले, “मेल्या माणसाला आता काय फरक पडतोय?”

अक्कांच्या सोप्यात आण्णांचं खोरं भिंतीला टेकलेलं असतं. चिखलाचं अवजार धुतल्याशिवाय घरात आणायचं नाही, ही आण्णांची शिस्त. सहा वर्षांत त्याला चिखल लागलेला नाही. अक्का अजून ते रोज धुतात.