रद्द केलेली फाइल

"रद्द दाबल्यावर डाउनलोड खरंच थांबतं का?" ऑफिसातल्या एका बाईंनी विचारलं होतं. मी उडवून लावलं. डाउनलोडची पट्टी गायब होते ना, मग झालं! ऑफिसचं ते फाइली उतरवायचं ॲप मीच लिहिलं होतं, आणि माझ्या कामात कुणी नाक खुपसलेलं मला खपत नाही.

वडील, म्हणजे आमचे आबा, मोटारसायकलवरून पडले म्हणून त्या आठवड्यात मी पारोळ्याला घरूनच काम करत होतो. जळगावला डोक्याचा स्कॅन काढला होता, त्याची लिंक यायची होती. आबांचं डोकं दुखायचं थांबेना. धुळ्याचे डॉक्टर फोनवर म्हणाले, "दोनला मी ऑपरेशनला जातो. त्याआधी फाइलच पाठवा, लिंक इथं उघडत नाही; आजच आणायचं का ते सांगतो."

लिंक बाराला आली, आणि माझं दिवसाचं नेट संपलेलं! सकाळी चाचणीसाठी लॅपटॉपवर त्याच ॲपमधून एक भलामोठा व्हिडिओ उतरवायला लावला होता, पण तो मिनिटभरात रद्द केला होता. मोबाईल कंपनीला शिव्या घातल्या. स्कॅन जागचा हलेना.

शेजारच्या अक्का धावत आल्या. "मना मोबाईलनं नेट ले ना भाऊ, बठ्ठं ले."

सगळंच घे म्हणाल्या, तसा लॅपटॉप त्यांच्या फोनला जोडला. थोड्याच वेळात त्यांचंही नेट संपत आलं, स्कॅन मात्र वीस टक्क्यांवर. ॲपच्या नोंदी उघडून बघितल्या. सकाळचा व्हिडिओ आतून अजून उतरतच होता. रद्दचा निरोप मी नुसता पडद्याला दिला होता, फाइल ओढणाऱ्या आतल्या तयार कोडला, म्हणजे लायब्ररीला, दिलाच नव्हता. वर जोडणी तुटली की आपोआप पुन्हा सुरू कर, ही हुशारीही माझीच.

लॅपटॉप बंद केला. अक्कांच्या फोनवरच लिंक उघडली. बटण अक्कांनीच दाबलं. उरलेलं नेट पुरेल की नाही, या भीतीनं मी आबांकडे बघूच शकत नव्हतो.

पावणेदोनला फाइल धुळ्याला गेली. डॉक्टरांचा फोन आला, "रक्त साकळलंय. लगेच निघा."

आबा वाचले. धुळ्याच्या दवाखान्यात बाकावर बसून मी ती चूक दुरुस्त केली. एका ओळीचं काम होतं. मग पुन्हा भीती वाटली, कारण ते ॲप सहा महिने लोकांच्या फोनवर होतं, आणि प्रत्येकाच्या शेजारी अक्का नसतात. मी ऑफिसातल्या बाईंना फोन लावला आणि म्हणालो, "नाही थांबत."