टीप वरच्या ओळीत

आम्ही नवराबायकोनं मिळून शेवटचं जे काम केलं, ते म्हणजे लॅपटॉपमधल्या सकाळच्या सगळ्या नोंदी पुसून टाकल्या. दुपारची वेळ होती, चहा अजून व्हायचा होता.

लॅपटॉप मुलीचा. ती पुण्यात कॉम्प्युटरचं काम करते. नोकरी सांभाळून ती आणि तिच्यासारखे काहीजण एका डेटाबेसच्या सूचनांची पानं मराठीत लिहितात. डेटाबेस म्हणजे नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर. दूध डेअरीत कुणाचं दूध किती, फॅट किती, ते चढवतात ना, तसलं. हे सॉफ्टवेअर सगळ्यांना मोकळं आहे, कुणीही घ्यावं, कुणीही सुधारावं. पगार नाही. मी म्हणायचो, "फुकटची हमाली." ती म्हणायची, "आबा, तुम्ही तरी कुठं पगार घेता?"

कारण पानं तपासायला आम्ही दोघं होतो. तिनं जुना लॅपटॉप घरी आणून ठेवला, सरावाला खोट्या गाई-म्हशींच्या नोंदी भरून दिल्या, पानं कागदावर छापून दिली आणि नियम घातला. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं करायचं. करणाऱ्यानं चौकटीतली इंग्रजी कमांड तेवढी बघायची, बाकी कागदात डोकवायचं नाही. जिथं घोटाळा होईल तिथं खूण करायची, मग ती तिथलं लिखाण सुधारणार.

मी चौथी शिकलेला, ओळीवर बोट ठेवून वाचतो. बायको सातवी, बोटं चलाख. अक्षराला अक्षर जुळवून कमांड दाबायची आणि म्हणायची, "झालं, फुडं." ती म्हणाल्याशिवाय माझं बोट खाली सरकत नसे.

त्या दिवशी पान होतं बॅकअप परत भरायचं. बॅकअप म्हणजे नोंदींची काढून ठेवलेली प्रत. ती आम्ही आदल्या दिवशीच काढली होती. नंतर सकाळी हिनं हौसेनं आपल्या गोठ्यातल्या जनावरांच्या खऱ्या नोंदी घातल्या. कुठली कधी व्याली, कुठली लाथाळ आहे, सगळं.

मी वाचलं, "आता खालील कमांड देऊन बॅकअप परत भरा."

तिनं अक्षरं दाबली. "झालं, फुडं."

"टीप: या कमांडमुळे सध्याच्या नोंदी नष्ट होऊ शकतात. आवश्यकता वाटल्यास आधी त्यांचा बॅकअप घ्यावा."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "अवो, ह्ये आता सांगताय?"

"मी काय करू? लिव्हलंय तसं वाचतोय."

तिनं बघितलं. सकाळच्या नोंदी गेल्या होत्या.

"घोडेगावच्या बाजारात म्हैस घेतली, दावं हातात आलं, आन् मंग मालक म्हनला, लाथ मारती बरं का. तसलं झालं ह्ये!"

"तिथं तर मंग बी सांगत न्हाईत."

"तुमाला न्हाई सांगत. तोंडाकडं बघूनच वळखत्यात."

मग कागदावर बोट ठेवून म्हणाली, "पोरीला सांगा, ही टीप वर घी. आन् होऊ शकतात म्हंजी काय? जात्यात का ऱ्हात्यात? काय जातंय, काय ऱ्हातंय, सरळ लिही म्हनावं."

"सांजच्याला फोन करू," मी म्हणालो. लॅपटॉप मिटला. ती चहा ठेवायला उठली.

धारांच्या वेळी ती गोठ्यातच खाली बसली, छातीत दाटलंय म्हणाली. शेजाऱ्याच्या गाडीतून नेवाशाला दवाखान्यात नेत होतो. पोचायच्या आत गेली. मुलगी आल्यावर त्याच रात्री माती झाली. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

सकाळी चूल बंद होती. शेजारणींनी पिठलं-भाकरी आणली होती, बाया ओसरीवर बसल्या होत्या. मी धारा काढल्या, जनावरं थोडीच थांबतात. हात धुऊन तो कागद आणला आणि मुलीला म्हणालो, "तुझ्या आईचं एक ऱ्हायलंय."

तिनं कागद बघितला. "आबा, नव्या आवृत्तीची पानं आज बंद होणार आहेत, मग बदल घेत नाहीत. मी बाकीच्यांना कळवलंय, माझं पान आहे तसं जाऊ द्या."

"हाय तसं न्हाई जायचं."

माझी बहीण आतून ओरडली, "दादा, येडा झाला का? पोरीला रडू तरी दी!"

"रडू दी की. रडत रडत बी टाईप करता येतं."

मुलगी रडता रडता हसली. लॅपटॉप घेऊन आईच्या जागेवर बसली. टीप कमांडच्या वर घेतली. "पण होऊ शकतात, असंच लिहितात आबा. सगळीकडं."

"जात्यात का न्हाई?"

"जातात."

"मंग जात्यात लिही. समद्या?"

"सगळ्या. बॅकअप घेतला तेव्हा जे होतं तेवढंच परत येतं. त्यानंतरचं येत नाही."

"कायच न्हाई?"

"नाही, आबा."

"मंग त्येच लिही."

तिनं लिहिलं, "पुढील कमांड दिली की सध्याच्या सगळ्या नोंदी पुसल्या जातील. बॅकअपमध्ये आहे तेवढंच परत येईल, त्यानंतरचं येणार नाही. म्हणून आधी आजचा बॅकअप घ्या." मी तेच पेनानं कागदावर उतरवून घेतलं. तिनं ओढणीनं डोळे पुसले आणि पान पाठवायला निघाली.

"थांब," मी म्हणालो. "तपासल्याबिगर जायचं न्हाई."

पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. मी वाचलं, तिनं केलं आणि गप्प बसली. मी थांबून राहिलो. तिनं वर बघितलं.

"झालं म्हन," मी म्हणालो. "त्याबिगर मला फुडं जाता येत न्हाई."

"झालं," ती म्हणाली. "फुडं."

मी बोट खालच्या ओळीवर नेलं आणि वाचलं.